खुलासा: मुक्त सॉफ्टवेअरचे परवाने कोर्टात टिकतात

पणजी-म्हापशातल्या कॉम्प्युटरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘जीपीएल परवाना कोर्टात टिकत नाही. कोड फुकट आहे, नाव बदला नि विका.’ हे साफ चुकीचं आहे. जीपीएल हा मुक्त, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता नि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक परवाना.

विकायला मनाई नाहीच. पण जीपीएलचा कोड वापरून विकलात तर गिऱ्हाइकाला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड, द्यावा लागतो. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत तर अट मोडताच परवाना आपोआप संपतो आणि उरतो तो सरळ कॉपीराइटभंग. म्युनिकच्या कोर्टाने २००४ मध्येच जीपीएल ग्राह्य धरला. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही सॉफ्टवेअरला लागू आहे, नोंदणीची सक्ती नाही.

अवघड आहे ते चोरी पकडून दाद मागणं. राउटरच्या फर्मवेअरवर, म्हणजे त्यात आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरवर, ‘स्ट्रिंग्ज’ ही फाइलमधला वाचता येणारा मजकूर दाखवणारी कमांड चालवली की ‘बिझीबॉक्स’ या जीपीएलखालच्या सॉफ्टवेअरचं नाव बऱ्याचदा सापडतं. राउटरच्या खोक्यात मात्र ना सोर्स कोड, ना तो देण्याची लेखी हमी. दावा लावायचा हक्क कॉपीराइटधारकाचा, आणि हे लोक देशोदेशी विखुरलेले, कित्येक बिनपगारी राबणारे. वकिलाची फी भरणार कोण? म्हणून अनेक जण सुटतात, आणि याची मला मनापासून चीड येते.

गोव्यात प्रॉडक्ट बनवणाऱ्यांनी तो मेसेज कृपया पुढे ढकलू नये. डिलिव्हरीआधी वापरलेल्या प्रत्येक लायब्ररीचा (दुसऱ्याने लिहिलेल्या तयार कोडचा) परवाना वाचून घ्यावा.