डोळा लवला म्हणून लकवा येत नाही

गणपतीच्या चवथीपासून आमच्या वाड्याच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. "डोळा किंवा गाल सतत फडफडतो म्हणजे अंगातलं मॅग्नेशियम संपलं. रोज एक गोळी आणि दोन केळी घ्या. सात दिवसांत थांबलं नाही तर लकवा येणार!" खाली हात जोडलेले. परवा फोंड्याला फार्मसीत शेजारच्या काकू तीच गोळी मागताना दिसल्या, म्हणून हे लिहितोय.

मॅग्नेशियम फारच उतरलं तर स्नायू उडतात, एवढं खरं. पण तेव्हा एकटी पापणी उडत नाही; पायांत गोळे येतात, हात थरथरतात, अंगातली शक्ती जाते. नुसत्या पापणीवर ही गोळी लागू पडते याला ठोस आधार नाही. उलट मूत्रपिंड अधू असेल तर मॅग्नेशियम अंगात साठतं, आणि केळ्यातलं पोटॅशियमही. बाकीच्यांनी सालदाटी केळी खुशाल खावीत, चवीसाठी.

पापणी लवण्याची नेहमीची कारणं म्हणजे जागरण, ताण, चहा-कॉफी, कोरडे पडलेले डोळे. यंदा गणपतीवरची माटोळी (फळाफुलांचं छत) बांधून होईतो पहाटेचे दोन वाजले, वर चार कप चहा. माझी डावी पापणी पुढे दहा दिवस लवत होती. (पुरुषाचा डावा डोळा लवणं अशुभ, हे आईने लगेच ऐकवलं.) मेसेजच्या हिशेबाने मला तीन दिवस आधीच लकवा यायला हवा होता.

लकव्यात स्नायू उडत नाही, ढिला पडतो. तोंड अचानक वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ जड झाली तर लगेच 108. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथे सात दिवस कसले मोजता?

मेसेज दिवस मोजतो. बघायला हवी ती जागा. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "आधी डोळाच होता रे, आता ओठपण ओढतो. दोन वर्षं झाली." चेहऱ्याच्या एकाच बाजूला, पापणीपासून सुरू होऊन हळूहळू गालावर, ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी आणि झोपेतही न थांबणारी ही ओढ वेगळी. तिला हेमिफेशियल स्पाझम म्हणतात. चेहरा हलवणारी सातवी नस (मज्जातंतू) मेंदूच्या मुळाशी जिथून निघते, तिथे बहुतेक वेळा एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली असते आणि प्रत्येक ठोक्याला तिला डिवचते. क्वचित तिथे गाठ निघते, म्हणून एमआरआय. बोटॉक्सच्या इंजेक्शनाने तीन-चार महिने आराम पडतो. शस्त्रक्रियेत नस आणि वाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनची छोटी गादी ठेवतात. केळ्याने वाहिनी सरकत नाही.

दोन्ही डोळे आपोआप घट्ट मिटत असतील, उन्हात जास्तच, तर तो आणखी वेगळा आजार. उलटीवरच्या किंवा मानसिक आजारावरच्या काही औषधांनीही तोंड, जबडा हलत राहतो. चालू गोळ्यांची यादी सोबत न्यावी.

डॉक्टरांसमोर बसलं की चेहरा नेमका शहाण्यासारखा गप्प राहतो. काकूंच्या नातीने काल अंगणात, गाल उडत असताना, मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवलाय. सोमवारी बांबोळीला, सरकारी इस्पितळात जायचंय.