शाळूची भाकरी खा, एमएस घालवा म्हणे!

आमच्या विश्रामबागच्या सोसायटी ग्रुपवर परवा परत तो मेसेज फिरला, की मैदा आतड्याला चिकटतो, त्यातनं एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे इम्युनिटी स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार) होतो, तर 90 दिवस शाळूची भाकरी आणि इसबगोल खा, इंजेक्शनं बंद करा. एरवी सोडून दिलं असतं, पण माझ्या मावसबहिणीला एमएस आहे आणि तिला एकटीला तो चार जणांनी पाठवला.

मैदा चिकटत बिकटत नाही. तो लहान आतड्यातच पचतो. न पचता मोठ्या आतड्यापर्यंत जातो तो फायबर, तिथले बॅक्टेरिया तो आंबवून प्रोपियोनेट, ब्युटिरेट अशी आम्लं बनवतात. इथं मेसेजवाल्याच्या हाताला थोडं खरं लागलंय. जर्मनीत बोखुमच्या डॉक्टरांनी 2020 ला एमएसच्या पेशंटना प्रोपियोनेट दिलं, इम्युनिटीला आवर घालणाऱ्या टी-रेग पेशी वाढल्या. पण ते कॅप्सूलमधनं, काहींना औषधं सुरू व्हायच्या आधी, काहींना औषधांच्या जोडीनं, आणि शेजारी प्लासिबोवाला, म्हणजे नुसती खोटी कॅप्सूल घेणारा ग्रुप नव्हता. भाकरीचा त्यात संबंध कुठाय?

इसबगोलचं तर उलटंच, बॅक्टेरियांना ते फारसं आंबवता येत नाही, पाणी धरून फुगतं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं.

"90 दिवसांत बरी झाली" ह्याच्यावर सगळे भुलतात. बहिणीला पहिल्यांदा डाव्या डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं, लाल रंग विटल्यासारखा, आणि दीड महिन्यात गोळी न घेता आपोआप निवळलं कारण बहुतेकांचा एमएस असाच येतो-जातो. तेव्हा ती होस्टेलवर रोज पाव-मिसळ खात होती, मग पावानं बरी झाली म्हणायचं का?

कारण म्हणाल तर एकटं आतडं धरून चालत नाही. 2022 ला अमेरिकन सैन्यातल्या 1 कोटीहून जास्त लोकांच्या रेकॉर्डवरनं दिसलं की एपस्टाईन-बार व्हायरस लागल्यावर एमएसचा धोका 32 पट होतो. शाळू खाणाऱ्यालाही तो लागतोच.

आणि इंजेक्शन बंद करा हे लिहिणाऱ्याचा मला खरंच राग येतो, एमएसवरचं नॅटालिझुमॅबचं इंजेक्शन किंवा फिंगोलिमॉडची गोळी मनानं सोडली तर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो.

भाकरी बहीणही खाते, इसबगोलही घेते, एमएसमध्ये बद्धकोष्ठता फार असते म्हणून. फक्त लघवीला सारखं पळावं लागतं म्हणून ती पाणी कमी प्यायची, आणि त्यात इसबगोल घेतल्यावर पोट आणखीनच गच्च झालं. आता मावशी तांब्या भरून समोर ठेवते आणि रिकामा होईस्तोवर तिथनं हलत नाही.