एक वायर ओढली की नाटकाचा साउंड तयार होतो का?

नाटकाचा साउंड बघणाऱ्यांच्या फोनवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो. शब्द थोडे बदलतात, सार हेच: 'जाडजूड मल्टिकोर फेकून द्या. नेटवर्कवाला डिजिटल मिक्सर घ्या, स्टेजबॉक्सपर्यंत लॅनची एक वायर ओढा, काम संपलं. स्विच कुठलाही चालतो, इमारतीतलं नेटवर्क असेल तर तेही चालतं. उशीर शून्य. दोन वायरी लावल्या तर बंद पडायची भीतीच नाही. टॅबवरून वायफायने मिक्सिंग करा. सीन सेव्ह केले की ऑपरेटरचीही गरज नाही.' (मल्टिकोर म्हणजे अनेक माइकच्या वायरी एकत्र बांधलेली जाड केबल, स्टेजबॉक्स म्हणजे रंगमंचावर माइक जोडायची पेटी, आणि इथला स्विच म्हणजे नेटवर्कच्या वायरी एकमेकींना जोडणारी पेटी.)

मी स्वतः नेटवर्कवरच काम करते आणि मल्टिकोरकडे परत जायची माझी अजिबात इच्छा नाही. म्हणूनच हा मजकूर मला खुपतो. तो वाचून एखादी नवी नाट्यसंस्था सगळं सामान घेते, रंगीत तालमीच्या दिवशीच पहिल्यांदा जोडते, आणि आवाज तुटला की खापर नेटवर्कवर फोडते. नेटवर्क आलं की वायरी ओढायचं काम कमी होतं आणि आधी बसून ठरवायचं काम वाढतं. या दुसऱ्या कामाबद्दल मजकुरात चकार शब्द नाही.

त्यात खरं आहे ते आधी सांगते. ३२ चॅनेलचा मल्टिकोर उचलायला दोन माणसं लागतात, आणि त्यातली एखादी जोडणी सुटली की ती शोधण्यात तास जातो. त्याच्या जागी करंगळीपेक्षा बारीक वायर येते. आवाज स्टेजबॉक्समध्येच आकड्यांत बदलत असल्यामुळे तिथून पुढे दिवे मंद करणाऱ्या डिमरची घरघर त्यात शिरत नाही. (माइक ते स्टेजबॉक्स हा तुकडा मात्र ॲनालॉगच असतो, त्याला दिव्यांच्या केबलपासून लांब ठेवावंच लागतं.) डान्टे ही नेटवर्कवरून आवाज पाठवायची एक पद्धत. गिगाबिट जोडणीवरून तिचे ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने घेत, दोन्ही दिशांना ५१२-५१२ चॅनेल जाऊ शकतात. कुठल्याही नाटकाला हे पुरून उरतं.

आता 'लॅनची एक वायर'. खोबणी सारखी दिसते म्हणून आतली भाषा सारखी असते असं नाही. मिडास आणि बेहरिंगर या कंपन्यांच्या बऱ्याच कन्सोलवर, म्हणजे मिक्सरवर, एईएस५० ही भाषा असते. ती एका यंत्रातून थेट दुसऱ्या यंत्रात जाते. मध्ये ऑफिसातला स्विच टाकला तर आवाज येणारच नाही, आणि वायरही शील्ड असलेलीच हवी. एव्हीबी या दुसऱ्या भाषेला एव्हीबी जाणणारेच स्विच लागतात. डान्टे साध्या गिगाबिट आयपी नेटवर्कवर चालतं. तिघांचीही खोबणी दिसायला एकच! म्हणून खरेदीआधी कन्सोल आणि स्टेजबॉक्स नक्की काय बोलतात हे पाहणं हे पहिलं काम. दुसरं काम लांबी मोजण्याचं. तांब्याच्या वायरची मर्यादा १०० मीटर आहे, आणि ती मोजायची ती वायर खरोखर जाईल त्या वाटेने: भिंतीवरून वर, दाराला वळसा घालून, पुन्हा खाली. त्यापुढे फायबरच.

'काम संपलं' म्हणतात तिथे खरं तर ते सुरू होतं. डान्टेच्या यंत्राला पत्ता वाटणारं कुणी भेटलं नाही, तर ते स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. लॅपटॉपला मात्र तुम्ही मागच्या कामात १९२.१६८ चा पक्का पत्ता देऊन ठेवलेला असतो. मग लॅपटॉपच्या पडद्यावर एकही यंत्र दिसत नाही आणि वायर खराब आहे असं समजून सगळे वायरी बदलत बसतात. नव्या जुळणीचा पहिला तास बहुतेक इथेच जातो.

यंत्रांची नावंही आधी ठरवून ठेवा. डान्टेमध्ये कुठला माइक कुठे जायचा ही जोडणी आवाज घेणाऱ्या यंत्रात साठवलेली असते, आणि ती पाठवणाऱ्याच्या नावाने साठवलेली असते. याचा फायदा मोठा आहे. पॅचिंग, म्हणजे ही जोडणी, झालं की लॅपटॉप काढून घेता येतो, प्रयोगात तो लागत नाही. स्टेजबॉक्स बिघडला तर त्याच जातीचा दुसरा आणा, त्याला तेच नाव द्या, जोडण्या आपापल्या जागी परत येतात. पण कुणी तालमीच्या मध्यावर 'नाव जरा नीट लिहितो' म्हणून 'स्टेज १' चं 'स्टेज डावा' केलं, तर त्याच क्षणी सगळे माइक गप्प होतात.

'स्विच कुठलाही चालतो' या वाक्याने मला दोन दिवस रडवलंय. आवाज नेटवर्कवरून जातो तेव्हा सगळ्या यंत्रांनी एकाच ठेक्यावर चालावं लागतं. ४८ किलोहर्ट्झला एका नमुन्यापासून पुढचा नमुना सुमारे २१ मायक्रोसेकंदांवर असतो. एक यंत्र घड्याळ धरतं आणि बाकीची त्याच्या मागे चालतात. आता बाजारातल्या अनेक स्विचमध्ये वीज वाचवायची सोय असते: पोर्टवर थोडी उसंत मिळाली की ते पोर्ट डुलकी घेतं. ऑफिसातल्या कामाला याने काही फरक पडत नाही. घड्याळाच्या निरोपाला मात्र पोर्ट जागं होईपर्यंत थांबावं लागतं, आणि दर वेळी सारखंच थांबावं लागतं असंही नाही. ठेका डळमळतो.

आमच्या नाटकात एक प्रवेश होता. म्हातारा बाप खुर्चीत बसून मुलीचं पत्र वाचतो, मागे संगीत नाही, काही नाही. त्या शांततेत मधूनच 'टिक्' असा आवाज यायचा. कधी दोन मिनिटांनी, कधी दहा. आम्ही कपड्यात लावायचा लेपल माइक बदलला, ट्रान्समीटर बदलला, बॅटरी बदलली, शेवटी बिचाऱ्या नटाला शर्टाच्या गुंड्याही बदलायला लावल्या. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यात आलं आणि डान्टे कंट्रोलर या सॉफ्टवेअरमध्ये घड्याळाचं पान उघडलं. स्टेजबॉक्स अधूनमधून ठेका सोडत असल्याच्या नोंदी तिथे ओळीने लागल्या होत्या. स्विच साधा होता, त्यात वीजबचत बंद करायची सोयच नव्हती. ती बंद करता येईल असा स्विच आणला आणि टिक् संपली.

तेव्हा स्विच घेताना चार गोष्टी बघा. सगळी पोर्टं गिगाबिट असावीत. वीजबचत बंद करता यावी. घड्याळाच्या निरोपांना सगळ्यांत आधी आणि आवाजाला त्याच्या पाठोपाठ वाट देता यावी. आणि एकच आवाज एकदम अनेक यंत्रांना पाठवणार असाल, तर तो मागितलेल्या पोर्टांनाच देण्याची सोय असावी. असा स्विच महाग असलाच पाहिजे असं नाही. तो निवडून घेतलेला असला पाहिजे.

इमारतीच्या नेटवर्कबद्दल फार लिहायची गरज नाही. तिथे प्रिंटर आहेत, कॅमेरे आहेत, तिकीट खिडकीचा संगणक आहे आणि या सगळ्यांवर तुमचा ताबा नाही. प्रयोग चालू असताना कुणी राउटर बंद करून चालू केला तर विचारणार कुणाला? नेटवर्क सांभाळणारा जाणकार सोबत बसून तुम्हाला वेगळा कप्पा पाडून देणार असेल तर गोष्ट निराळी. नाहीतर आवाजाचे स्विच स्वतःचे ठेवा, त्यांना इंटरनेटचं तोंडही दाखवू नका.

'उशीर शून्य' हे चूक आहे, पण त्याची उलट भीतीही तितकीच चूक आहे. डान्टेमध्ये उशीर आपण निवडतो: पाव, अर्धा, १, २ किंवा ५ मिलिसेकंद. आवाज घेणारं यंत्र तेवढं थांबून नमुने वाजवतं, त्यामुळे तो स्थिर राहतो. जाताना एकदा, येताना एकदा, शिवाय कन्सोलचा आणि आवाजाचे आकडे व आकड्यांचा आवाज करणाऱ्या भागांचा मिळून काही मिलिसेकंदांचा हिशेब होतो. हवेतून एक मीटर जायलाच आवाजाला जवळजवळ ३ मिलिसेकंद लागतात. दहाव्या रांगेतल्या प्रेक्षकाला हा फरक जाणवत नाही. नटाचा आवाज नटाच्या दिशेनेच यावा म्हणून आपण स्पीकरला मुद्दाम याहून जास्त उशीर देतो. लक्ष ठेवायचं ते दोन ठिकाणी. एकाच माइकचा आवाज दोन वाटांनी येऊन कन्सोलमध्ये पुन्हा एकत्र होत असेल, एक थेट आणि एक लॅपटॉपमधून फिरून, तर तो पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा लागतो. आणि गायक कानात मॉनिटर घालून स्वतःला ऐकत असेल तर त्याला दोन-तीन मिलिसेकंदही बोचू शकतात. तिथे फिरून येणारी वाट टाळा.

दोन वायरींचं आश्वासन मला सगळ्यांत धोक्याचं वाटतं, कारण ते अर्धं खरं आहे. मुख्य आणि राखीव अशी दोन स्वतंत्र नेटवर्कं बांधली तर एक तुटल्यावर दुसऱ्यावरून आवाज सलग चालू राहतो, प्रेक्षकाला कळतही नाही. पण स्टेजबॉक्सवरच्या दोन खोबण्या दोन प्रकारे वागू शकतात. सेटिंग राखीव पद्धतीचं असेल तर त्या दोन वेगळ्या वाटा असतात. नसेल तर तो आतला छोटा स्विच असतो, पुढच्या यंत्राला जोडायला ठेवलेला. या दुसऱ्या सेटिंगवर दोन्ही वायरी एकाच स्विचला लावल्या की वर्तुळ तयार होतं. निरोप गोल गोल फिरत वाढत जातात आणि नेटवर्क गुदमरतं.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तालमीनंतर आवराआवर करताना एका मदतनिसाला एका वायरीचं मोकळं टोक लोंबताना दिसलं. मुलगा नीटनेटका, त्याने ते समोरच्या मोकळ्या पोर्टात बसवलं. त्या वायरीचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी वीज दिली तर स्विचचे सगळे दिवे एका लयीत पिसाटासारखे लुकलुकत होते आणि एकही माइक बोलत नव्हता. त्या मुलाची चूक नव्हती, कुठलं टोक कुठे जातं हे आम्हीच कुठे लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मुख्य वाटेच्या वायरींना निळी पट्टी, राखीवला लाल, आणि रिकाम्या पोर्टांवर चिकटपट्टी.

राखीव वाट खरी आहे की नाही हे पाहायची रीत एकच. तालमीआधी स्पीकरवर गाणं लावा आणि मुख्य वायर हाताने उपसा. गाणं चालू राहिलं पाहिजे. मग ती परत लावून दुसरी उपसा. एवढं करूनही दोन्ही स्विच एकाच एक्स्टेंशन बोर्डावर असतील आणि त्याला कुणाचा पाय लागला, तर दोन्ही वाटा एकदम जातात. कन्सोल, स्टेजबॉक्स, दोन्ही स्विच, सगळ्यांमागे यूपीएस हवा. कन्सोलला वीज गेल्यावर पुन्हा उभं राहायला वेळ लागतो आणि रंगमंचावर तो फार मोठा असतो. मी अजूनही एक साधी ॲनालॉग वायर रंगमंचापासून कन्सोलच्या मागच्या इनपुटपर्यंत टाकून ठेवते. नेटवर्क गेलं तरी एक माइक बोलला पाहिजे.

टॅब मला आवडतो. मधल्या रांगेत, बाल्कनीत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून सुधारणा करता येतात, ही सोय पूर्वी नव्हती. पण ती तालमीतली सोय आहे. रिकाम्या सभागृहात वायफाय झकास चालतं. प्रयोगाला तिथे शेकडो माणसं आणि शेकडो फोन येतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसांच्या शरीरात शोषल्या जातात आणि एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तिथे जेमतेम तीन. राउटर डोक्यांच्या वर टांगा, ५ गिगाहर्ट्झ वापरा, पासवर्ड फक्त दोघांना द्या. आणि प्रयोगात बोटं कन्सोलच्या खऱ्या फेडरवर, त्या सरकत्या दांड्यांवर, असू द्या.

राहिला ऑपरेटर. सीन म्हणजे कन्सोलच्या एका क्षणाचा फोटो. पुढच्या प्रवेशात कुठले माइक उघडे आणि कुठले बंद हे त्याला माहीत असतं, नटीला आज सर्दी झाली आहे हे त्याला माहीत नसतं. सीनमध्ये गेनही (माइकचा आवाज आत येतानाच किती वाढवायचा ते) सेव्ह केला असेल, तर आज दबक्या आवाजात बोलणाऱ्या नटीसाठी तुम्ही पहिल्या अंकात वाढवलेला गेन पुढचा सीन येताच गपकन जुन्या जागी जातो. म्हणून गेन सीनच्या बाहेर ठेवायचा. मॉनिटरचं कन्सोल वेगळं आणि स्टेजबॉक्स एकच असेल तर आणखी एक गाठ पडते. गेन दोघांचा सामाईक असतो. तिकडच्याने तो चढवला की सभागृहातही आवाज उसळतो. एकाने गेन धरायचा आणि दुसऱ्याने आपल्या कन्सोलमधल्या ट्रिमवर (आत आलेला आवाज फक्त आपल्यापुरता कमी-जास्त करायची सोय) भागवायचं, हे दोन माणसांनी आधी बोलून ठरवावं लागतं.

दोन पात्रं मिठी मारतात तेव्हा दोघांचे लेपल माइक एकमेकांचा आवाज पकडतात आणि दोन्ही आवाज पोकळ होतात. एक माइक नेमका त्या श्वासाला खाली घ्यावा लागतो, आणि मिठी रोज त्याच सेकंदाला पडत नाही. एका प्रयोगात आमचा नट दुसऱ्या अंकात एक अख्खं पान गाळून पुढच्या वाक्यावर गेला. मधले तीन क्यू, म्हणजे ठरलेल्या वाक्याला करायचे बदल, तसेच राहिले. ऑपरेटर संहितेवर बोट ठेवून बसली होती. तिने चौथा क्यू थेट उघडला आणि विंगेतून धावत आलेल्या मुलीचा माइक तिच्या पहिल्या शब्दाआधी उघडा होता. ही ऑपरेटर पहिल्या वाचनापासून तालमींना येत होती. सामानाची यादी करताना स्विच आणि स्टेजबॉक्सच्याही आधी तिचे तालमींचे दिवस लिहा, त्यांचं मानधन धरा, आणि मग उरलेल्या पैशांत कन्सोल किती मोठा घ्यायचा ते बघा.