सावल्या बंद, गवत कमी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे खेळायला परवानगी लागत नाही. एरवी पत्त्यांचा कॅट दिसला तरी भुवया चढवणारी माणसं त्या दिवशी लिंबाखाली सतरंजी टाकून बसतात, माहेरवाशिणी झोक्यावर चढतात, आणि आमच्यासारख्या मास्तरालाही चारचौघांत पानं पिसायची मुभा असते. त्यामुळे नाशिकहून ताईबरोबर आलेल्या भाच्याने आमरसाची तिसरी वाटी संपवून “मामा, तुमच्या लॅपटॉपवर गेम टाकू का?” असं विचारलं, तेव्हा नकाराला मला कुठूनच आधार सापडेना. शिवाय आमच्या घरात भाच्याकडून पाया पडून घेत नाहीत, उलट मामाच त्याच्या पाया पडतो. सकाळी ज्याच्या पाया पडलो त्याला दुपारी नाही कसं म्हणायचं?

लॅपटॉप २०२० सालचा. शाळा बंद झाल्या आणि तास मोबाइलवर सुरू झाले तेव्हा हप्त्याने घेतलेला. दोन कोअरचा प्रोसेसर, चार जीबी रॅम (चालू कामाला लागणारी तात्पुरती जागा), चित्रं काढायला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. निकालपत्रकं आणि पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब यापलीकडे मी त्याच्यावर कधी भार टाकला नव्हता, आणि तांदळाच्या हिशेबालाही तो अधूनमधून धापा टाकायचा.

भाच्याने बाहेरच्या डिस्कवरून जीटीए फाइव्ह हा शहरभर गाड्या पळवायचा गेम आणला होता. हा गेम संगणकावर २०१५ साली आला, म्हणजे माझ्या लॅपटॉपपेक्षा वयाने मोठा. म्हातारा आहे, पेलवेल, असा माझा समज. गेमवाल्यांनीही लिहून ठेवलंय की रॅम किमान चार जीबी, आठ असेल तर बरी. पण ‘किमान’ म्हणजे काय हे मास्तरांइतकं कुणाला कळतं? किमान म्हणजे ३५ टक्के. पोरगं वर ढकललं जातं, पण पुढे त्याचं काय होतं ते आपण विचारत नाही.

पडद्याच्या कोपऱ्यात भाच्याने एक आकडा लावला. एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा. सिनेमा २४ वर चालतो. भाच्याच्या घरी आकडा ६० च्या खाली गेला तर त्याला जेवण गोड लागत नाही. आमचा आकडा होता ८. साठ चित्रं हवी असतील तर एकेका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आमचा गडी एकेकाला १२५ लावत होता. मोटारसायकलवरचा माणूस एका चित्रात खांबापाशी दिसे आणि पुढच्या चित्रात थेट दुकानाच्या काचेत. मधे काय घडलं ते आपणच समजून घ्यायचं, ग्रामसभेच्या इतिवृत्तासारखं.

“मामा, हे दुरुस्त करता येतं,” भाचा म्हणाला. इथून माझी सुट्टी संपली.

पहिल्या दिवशी त्याने टास्क मॅनेजर उघडला. माझ्या लॅपटॉपमध्ये इतकी मंडळी राहतात हे मला माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भंगारात घातलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर रोज उठून त्या प्रिंटरची वाट बघत बसलेलं. ऑनलाइन तासांचं ॲप, अजून पोरं येतील या आशेवर. मराठी टायपिंगची तीन साधनं, त्यांतलं एकही मी वापरत नाही. आणि दोन अँटिव्हायरस, दोघेही एकमेकांवर नजर ठेवून. विंडोजने स्वतःच दोन जीबीच्या वर जागा अडवलेली. त्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलं की चित्रं काढणारा भागही त्याच रॅममधून खातो. आखाजीला आमच्या घरात तेरा माणसं आणि एक मोरी असते, त्यामुळे परिस्थिती मला लगेच उमगली. फुकट बसलेल्या सगळ्यांना स्टार्टअपमधून, म्हणजे लॅपटॉपबरोबर आपोआप उठणाऱ्यांच्या यादीतून, बाहेर काढलं. त्या प्रिंटरवाल्याला काढताना जरा वाईट वाटलं.

८ चे ११ झाले.

दुसऱ्या दिवशी रॅम आणायला भुसावळ. ऊन असं की डांबराला चप्पल चिकटावी. माय ओसरीवर पंखा हलवत बसलेली. उन्हाळ्यात घराबाहेर पडणारं कुणीही तिच्या हातून सुटत नाही. “डोक्याले रुमाल बांध,” तिने भाच्याला फर्मावलं, “आन् खिशात कांदा ठेव. ऊन लागीन.” नाशिकच्या त्या पोराने महागड्या जीन्सच्या खिशात कांदा घातला आणि आम्ही बसमध्ये चढलो.

दुकानदार आठ जीबी रॅमची एकच पट्टी गळ्यात मारायला बघत होता. भाच्याने ऐकलं नाही. आहे तशीच चारची दुसरी पट्टी हवी, जोडी जमली पाहिजे. का, ते त्याने मला ड्युअल चॅनल, बँडविड्थ अशा शब्दांत सांगितलं. मी ते उधना-जळगाव लाइनीवर समजून घेतलं. तो मार्ग एकेरी होता तेव्हा आपली गाडी सुटलेली असायची, इंजिनही चांगलं असायचं, पण समोरून कुणी यायचं असलं की दोंडाईच्याला उभं राहून चहा पिण्यावाचून गत्यंतर नसायचं. दुहेरी झाल्यावर इंजिन तेच, पण गाड्या वाहत्या झाल्या. एका पट्टीवर प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघे एकाच रुळावर, दोन पट्ट्यांवर वाट दुप्पट. “हार्ड डिस्क काढून एसएसडी पण टाका,” दुकानदार म्हणाला. त्याने गेम लवकर उघडेल, एफपीएस वाढणार नाहीत, असं भाच्याने तिथल्या तिथे सांगितल्यावर दुकानदाराचा त्याच्यातला रस संपला. बाराशे रुपये गेले. घरी मी सातशे सांगितले.

११ चे १७ झाले, आणि घरात जरा उत्साहाचं वातावरण पसरलं. ते सात मिनिटं टिकलं. आठव्या मिनिटाला आकडा ९ वर. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सात मिनिटं, पुन्हा ९. एखाद्याला घड्याळ लावून झटका यावा तसं.

मला वाटलं बिघाड आहे. भाचा म्हणाला, बिघाड नाही, शहाणपण आहे. प्रोसेसर तापत तापत शंभराच्या घरात गेला की स्वतःला वाचवायला स्वतःच वेग कमी करतो. हे मात्र मला रेल्वेशिवाय कळलं. आमच्याकडे मे महिन्यात शेतातला माणूस सकाळी सहाला कामाला लागतो आणि अकराला घरी येऊन आडवा होतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही. बाहेर ४५ अंश, घरात ४१. लॅपटॉपचा पंखा काय थंड करणार? तो खोलीतलीच हवा आत घेतो, आणि आत घेतलेल्या हवेपेक्षा थंड तो कुणाला करू शकत नाही. नाशिकचा गार वारा गृहीत धरून दिलेले सल्ले तापीच्या काठी लागू पडत नाहीत, हे भाच्यालाही पटायला लागलं होतं.

तरी लॅपटॉप खोलला. पंख्यापुढच्या जाळीवर धुळीचा असा जाड थर बसला होता की त्याची वात वळता आली असती. ती धूळ उडवायला आमच्या गावात एकच साधन, पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. त्याने एरवी ट्रॅक्टरच्या टायरला लावायची नळी हातात घेतली आणि माझ्या लॅपटॉपकडे डॉक्टर बघतात तसं बघितलं. भाच्याने पंख्याच्या पात्यांत टूथपिक अडकवली, नाहीतर हवेच्या जोराने पंखा भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. हवा लांबून, थोडी थोडी मारायची, असंही बजावलं. पंक्चरवाल्याने थोडी मारली. ती थोडी ट्रॅक्टरच्या हिशेबाने थोडी होती. लॅपटॉपमधून धूळ, एक मेलेला मुंगळा आणि २०२१ साली हरवलेला एक स्क्रू बाहेर आला. पैसे त्याने घेतले नाहीत. “मास्तर, याच्यात हवा भरली नाही, काढली. काढायचे पैसे घेत नाही.”

मग लॅपटॉपच्या मागच्या पायांखाली लोणच्याच्या बरण्यांची दोन झाकणं सरकवली. खालून हवेला वाट मिळाली आणि चार अंश उतरले. चार अंशांसाठी घरातलं लोणचं आठवडाभर फडक्याखाली राहिलं. पुढे कूलरसमोरचा मोक्याचा पाट लॅपटॉपला द्यायचं ठरलं, तेव्हा बायकोने जाहीर केलं की त्या पाटावर आजवर तिच्या सासऱ्यांशिवाय कुणी बसलेलं नाही, आणि आता बसणार असेलच तर तो मान तिचा आहे. त्यात वीज गेली. लॅपटॉप बॅटरीवर आला की काटकसरीने चालतो, आकडा ६. सहा चित्रांत मी त्या अंधारात आयुष्याचा थोडा विचार करून घेतला.

चेंबरची कल्पना माझी नव्हती, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. ती माझ्या केळीवाल्या मित्राची. आमच्या सावद्याच्या भागात सोयऱ्या-धायऱ्यांमध्ये एकाचं तरी केळीचं काम असतंच. या मित्राचं रायपनिंग चेंबर आहे, म्हणजे केळी पिकवायची बंद थंड खोली. आत १६ ते १८ अंश, आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास, इथिलीन वायूची मात्रा दिली की चार-पाच दिवसांत हिरवा माल पिवळा होऊन निघतो. मे महिन्यात तिथल्या हमालाला हेवा वाटावा अशी नोकरी सबंध जिल्ह्यात नाही.

“मास्तर, आत गेम खेळा नाहीतर मुंज लावा,” तो म्हणाला, “पण दार उघडं टाकू नका. आणि पंधरा मिनिटांच्या वर बसू नका. केळी श्वास सोडते.” हे खरं आहे. पिकताना केळी कार्बन डायऑक्साइड सोडते, म्हणून चेंबरची हवा ठरावीक वेळेला बदलावी लागते. आम्ही नुकतीच हवा बदललेली वेळ साधली.

क्रेटांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवला. मी, भाचा आणि सहाशे क्रेट केळी पडद्याकडे बघत होतो. सात मिनिटं झाली. आठ झाली. दहा झाली. आकडा २४ वर गेला आणि तिथेच बसला! सिनेमाचा आकडा. मी भाच्याला मिठी मारली, थोडी थंडी वाजत होती हेही कारण होतं.

बाराव्या मिनिटाला लॉस सांतोसवर, म्हणजे गेममधल्या शहरावर, धुकं उतरलं. आधी लांबचे डोंगर गेले, मग इमारती, मग रस्ता.

“मामा, धुक्याचा इफेक्ट तर मी बंद केला होता,” भाचा सेटिंग शोधत पुटपुटला. मी बोट फिरवलं. पडद्यावर पाण्याची रेघ उमटली. छताजवळच्या फॉगरने, म्हणजे पाण्याचे तुषार सोडणाऱ्या यंत्राने, आपली वेळ झाल्यावर आपलं काम सुरू केलं होतं. आर्द्रता नव्वद टक्के ठेवायची तर पाणी कुठून तरी यायलाच हवं, हा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता, आणि मी विज्ञान शिकवतो. कीबोर्डमध्ये शिरायच्या आत आम्ही लॅपटॉप भाच्याच्या शर्टात गुंडाळून बाहेर काढला. तो दोन दिवस धान्याच्या कोठीवर उघडा वाळत पडला होता, पापडांच्या शेजारी.

वाचला. पण बायकोने झाकणं परत घेतली.

आता फक्त गेमच्या आतल्या सेटिंग उरल्या होत्या. खरं तर सुरुवात तिथूनच करायला हवी होती, आणि भाच्याला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. “पण मग तो गेम दिसत नाही मामा,” असं त्याचं म्हणणं. त्याच्या लेखी सेटिंग कमी करणं म्हणजे पुरणपोळी गुळाशिवाय खाणं. परतीची बस दुसऱ्या दिवशी होती, तेव्हा तो जड मनाने कामाला लागला.

आधी सावल्या. प्रत्येक खांबाची, माणसाची, पानाची सावली दर चित्राला नव्याने मांडायची म्हणजे ग्राफिक्सचा जीव जातो. सावल्या जितक्या उतरतील तितक्या उतरवल्या, मग बाहेरच्या एका फाइलमध्ये जाऊन पार घालवल्या. गवत सगळ्यात खालच्या पायरीवर. पाण्यातलं प्रतिबिंब बंद, तसंही नदीत पाणी कमीच दिसायला लागलं होतं. लांबचं दिसणं कमी, म्हणजे चार इमारतींपलीकडे सगळं धुरकट. माणसांची गर्दी नावाची एक पट्टी आहे, ती ओढून शून्यावर. रस्त्यावरची माणसं घरात गेली, गाड्या निघून गेल्या. शेवटी रिझोल्युशन. आमचा पडदा १३६६ बाय ७६८ चा, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास ठिपके. तो ८०० बाय ६०० वर आणला, ठिपके उरले ४ लाख ८० हजार. निम्म्याहून कमी काम. घरांच्या कडा कुडाच्या भिंतीसारख्या ओबडधोबड झाल्या.

आकडा ३४. मधेच ४१, मधेच २७. भाच्याने तो ३० वर बांधून टाकला. चढउतारापेक्षा ठरलेली चाल डोळ्यांना बरी. माय भाकरी थापते तेव्हा एकही थाप पुढेमागे होत नाही, तसं.

दुपारचे दोन वाजले होते. घरातली अकरा माणसं जिथे सावली सापडली तिथे पडलेली. भाच्याने गेममधला माणूस गाडीतून उतरवला आणि चालायला लावला. एका सेकंदाला तीस चित्रं, एकही अडखळ नाही. तो माणूस रुंद रिकाम्या रस्त्यावरून एकटाच चालला होता. दुकानं बंद, झाडाला पान नाही, जमिनीवर काडी गवत नाही, लांबचं सगळं पांढुरकं, आणि पायाखाली सावलीसुद्धा नाही. भाचा कपाळाला हात लावून म्हणाला, “लॉस सांतोसचं काय करून ठेवलं आपण!”

माय केव्हा उठून मागे येऊन उभी राहिली ते कळलं नाही. चष्मा पुसून तिने बराच वेळ त्या रस्त्याकडे पाहिलं. तिला काही विचित्र वाटलं असेल असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं नाही. मग तिने भाच्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“त्याले सांग, डोक्याले रुमाल बांध म्हना,” ती म्हणाली. “भरदुपारी कुठी चालला हा?”