डिओ, तुरटी आणि काखेतली गाठ

आमच्या मावशीने गेल्या आठवड्यात डिओची अर्धी बाटली कचऱ्यात टाकली आणि वाण्याकडून तुरटीचा खडा आणला. कारण, घरच्या ग्रुपवर आलेला मजकूर. तो थोडक्यात असा: घामावाटे शरीरातलं विष बाहेर पडतं. डिओने घाम कोंडतो, विष काखेतल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड्समध्ये) साचतं आणि त्यातून स्तनाचा कर्करोग होतो. म्हणून तर बहुतेक गाठी काखेजवळच्या भागात होतात. पुरुषांच्या काखेतल्या केसांत डिओ अडकून राहतो, म्हणून त्यांना हा रोग होत नाही. तेव्हा तुरटी लावा, आणि काखेत गाठ आलीच असेल तर डिओ बंद करा, आपोआप विरघळेल. खाली जोडलेले हात आणि ‘आयाबहिणींना पाठवा’. १९९०च्या दशकाच्या शेवटी हीच भीती इंग्रजी ईमेलमधून घरोघर फिरत होती.

आधी विषाचं बघू. घाम म्हणजे जवळजवळ ९९ टक्के पाणी. उरलेल्यात मुख्यतः मीठ, शिवाय थोडा युरिया नि लॅक्टिक ॲसिड. अंग गार ठेवणं हे त्याचं काम. शरीरातला कचरा काढायला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. घाम न आल्याने विष साचत असतं, तर डिसेंबरात महाबळेश्वरला राहणाऱ्यांचं काही खरं नव्हतं.

‘कोंडतो’ हा शब्दही चुकलाय. मावशीची बाटली साध्या डिओची होती. त्याने घाम थांबत नाही, वास झाकला जातो आणि वास तयार करणारे जंतू कमी होतात. काखेतल्या खास घामग्रंथी वयात येताना जाग्या होतात, पण त्यांच्या ताज्या घामालाही वास नसतो. कातडीवरचे जंतू त्यावर ताव मारतात तेव्हा तो सुटतो. घाम थांबवणारी वस्तू वेगळी, अँटिपर्स्पिरंट. त्यातले ॲल्युमिनियमचे क्षार घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बनवतात, आणि ते काही काळाने निघून जातं. तोवर अंगावरच्या बाकीच्या लाखो ग्रंथी चालूच असतात.

मजकुराचा सगळा डोलारा उभा आहे तो घामग्रंथी आणि लसिकाग्रंथी एकाच नळावर जोडल्यात या समजुतीवर. हात जरा बाजूला घेऊन काखेची पुढची कड अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरून बघा. तो छातीचा मोठा स्नायू. मागची कड पाठीच्या रुंद स्नायूची. या दोन कडांच्या मधल्या खळग्यात, चरबीच्या गादीत, हाताची मुख्य रोहिणी आणि नीला, हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा गुंता आणि साधारण वीस ते तीस लसिकाग्रंथी असतात. हाताकडून आणि स्तनाकडून येणारा द्रव त्यांतून गाळला जातो, वर सरकतो आणि मानेच्या मुळाशी रक्तात मिसळतो. कातडीवर उघडणारं एकही तोंड त्यांना नाही. घामग्रंथी वर कातडीतच असतात, त्यांचा या नळकामाशी संबंध नाही. जुन्या माणसांना हे आपल्यापेक्षा बरं ठाऊक होतं. काट्याने बोट पिकलं की काखेत ‘अवधाण’ आलं म्हणायचे. म्हणजे गाठ सुजते ती हाताकडून आत आलेल्या गोष्टीने.

आता तुरटी. ती पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं सल्फेट असते. ॲल्युमिनियमला घाबरून मावशी तेच काखेत घासतेय. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा असा. तसं घाबरण्यासारखं त्यातही फार नाही. २००१ साली दोन जणांच्या काखेत ॲल्युमिनियमचा क्षार लावून मोजलं, तर लावलेल्यापैकी ०.०१२ टक्के अंगात शिरलं होतं. मूत्रपिंडं फारच कमजोर असतील तर मात्र डॉक्टरांना विचारून वापरावं.

काखेजवळच्या भागात जास्त गाठी होतात हे खरं आहे, जवळपास निम्म्या. पण स्तनातल्या ग्रंथींचा मोठा वाटाच तिथे असतो, त्याची एक शेपटी थेट काखेत जाते. जिथे वस्ती दाट तिथे घटनाही जास्त. पुरुषांना हा रोग होत नाही हे तर साफ खोटं. स्तनाच्या शंभर कर्करोगांत साधारण एक पुरुषाचा असतो. तो कमी असतो कारण त्यांच्यात ती ग्रंथीच जेमतेम असते. केसांचा संबंध नाही.

अभ्यासही झालेत. २००२ साली अमेरिकेत स्तनाचा कर्करोग झालेल्या ८१३ आणि न झालेल्या ७९३ स्त्रियांची तुलना झाली. डिओशी वा अँटिपर्स्पिरंटशी नातं सापडलं नाही. २००४ साली वीस गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन, म्हणजे सौंदर्यप्रसाधनं टिकावीत म्हणून घालतात ते रसायन, सापडल्याचा गाजावाजा झाला, पण शेजारी निरोगी स्तनाचे नमुने तपासलेच नव्हते, आणि पॅराबेन क्रीमपासून खाण्यापर्यंत कशातूनही येऊ शकतं.

खरा राग मला शेवटच्या ओळीचा येतो, ‘आपोआप विरघळेल’. काखेतल्या गाठी नाना प्रकारच्या. केसाच्या मुळाशी पिकणारी, ठणकणारी काखमांजरी. बीसीजीची लस डाव्या दंडावर देतात, त्यानंतर बाळाच्या डाव्या काखेत कधी कधी येणारी गाठ, जी बहुधा आपली आपण बसते. क्षयाची गाठ. आणि पुन्हा पुन्हा पिकून आत बोगदे पाडणारा हायड्राडेनायटिस, ज्याला लोक उगाच अस्वच्छता म्हणून लाजतात, दाखवत नाहीत. या सगळ्यांत जी कडक, न दुखणारी, जागची न हलणारी असते, तिला कुणी ‘विष’ समजून तुरटी चोळत महिनोन्‌महिने बसलं, तर मजकूर पाठवणारे काखा वर करणार. दोन-तीन आठवड्यांत गाठ गेली नाही तर डॉक्टरांना दाखवायची. ते सोनोग्राफी करतील, लागलं तर सुई घालून तपासतील.

डिओची एकच सूचना खरी आहे. मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनाच्या एक्स-रे तपासणीच्या दिवशी काखेत काही लावू नका सांगतात, कारण ॲल्युमिनियमचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात, आणि तसे ठिपके कधी कधी कर्करोगाची खूण असतात. हे सगळं ऐकून मावशीने अखेर मंगळवारची वेळ घेतलीय. त्या सकाळी तुरटीसुद्धा लावायची नाही, हे मी तिला दोनदा बजावलंय.