सूर सुधारून मिळतील

व्हायोलिन, सारंगी, बासरी असलं काही वाजवत असाल तर रियाज आजपासून बंद करा. यंत्रमागाच्या खडखडाटात पहाटे उठून सा लावत बसायचं कशाला ओ? जसं येतंय तसं वाजवा, पुढचं सॉफ्टवेअर बघून घेतंय. १९९७ ला ऑटोट्यून हे सूर सुधारायचं सॉफ्टवेअर काढलेला माणूस आधी जमिनीखालचं तेल शोधायचं गणित करायचा, त्याला तुमचा सूर सापडणार नाही होय!

संतूरवाल्यांनी तर तारा जुळवूच नयेत. २००९ पासून मेलोडाइन नावाचं तसलंच सॉफ्टवेअर एकत्र वाजलेले सूर पण सुटे करून देतंय.

कान बंद, डोळे स्क्रीनवर.

आंदोलन, म्हणजे सुराचं संथ डुलणं, दिसलं की इस्त्री फिरवा. परवा माझ्या दरबारी रागाचं हेच झालंय. तो गंधार एका जागी थांबतच नाही, रिषभाकडे झुकत डुलत राहतो, ते हातात बसायला वर्षं जातात आणि स्टुडिओतल्या पोराला स्क्रीनवरची ती सुराची रेघ वाकडी दिसली म्हणून सेंटर शंभर टक्के (सूर ओढून नेमक्या जागी), ड्रिफ्ट शंभर टक्के (डुलणं सपाट) करून मोकळा, वर मेसेज, 'सर सगळं सुरात आणलंय' आणि अंगठा. यमनचा गंधार पण सोडला नाही. तंबोऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो सा पासून ३८६ सेंटला असतोय (शंभर सेंट म्हणजे पियानोची एक पट्टी), पियानोचा ४००. म्हणजे मी चौदा सेंट बेसूर आणि तंबोरा पण बेसूर! त्या सॉफ्टवेअरमध्ये स्केल, म्हणजे सुरांच्या जागा, बदलायची सोय असते की, पण तो मेनू उघडणार कोण. बरं, तबलजी समोरच बसलेला, त्याच्या डग्गा-दायाँचा आवाज माझ्या माइकमध्ये शिरलेला, त्यामुळं माझा सूर वर ढकलला की दायाँचा सा पण त्याच्याबरोबर वर. आता माझ्या ट्रॅकवरचा सा आणि तबल्याचा खरा सा भांडायलेत.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं? कापून तुकडे करा.

आरं पोरा, काय लावलंय बे हे? एखादा सूर घसरला, बाकी टेक झकास असला, तर तेवढा एक धर आणि जागेवर ठेव, कोण नको म्हणतंय. पण आधी विचार तरी, राग कुठला, हा सूर मुद्दाम लावलाय का. सगळा ट्रॅक सिलेक्ट करून बटण दाबायला कान लागत नाहीत, आणि त्याचे 'पिच करेक्शन एक्स्ट्रा' म्हणून बिलात वेगळे पैसे लावतोस? एक रुपया मिळणार नाही. ओरिजनल ट्रॅक पाठव आधी.