नाव प्लस चष्मा

जीमेलमध्ये एक सोय आहे, आपल्या नावापुढे अधिकचं चिन्ह टाकायचं, त्यापुढे वाट्टेल तो शब्द, तरी मेल आपल्यालाच येतो. म्हणजे चष्मेवाल्याला 'नाव प्लस चष्मा', विमावाल्याला 'नाव प्लस विमा', आणि उद्या कोणी आपला पत्ता विकला की चोर आपोआप सापडला. भाच्याने हे सांगितलं आणि माझ्यातला हवालदार जागा झाला.

चष्म्याच्या दुकानात काउंटरवरच्या मुलीने ईमेल विचारला. नाव सांगून झालं, म्हटलं आता प्लस. "पी एल यू एस?" नाही हो, बेरजेचं चिन्ह. "बरं, पुढे?" चष्मा. "काका, चष्मा शनिवारी मिळेल, आधी ईमेल पूर्ण सांगा ना." मागे लाईन वाढत होती आणि बायको लांब जाऊन गॉगल बघत आपण याच्याबरोबर नाही असं दाखवत होती.

खरं तर ईमेलच्या नियमांत प्लस चालतो, पण वेबसाइट बनवणाऱ्यांना हे कोण सांगणार! विम्याच्या साइटने रजिस्टर करताना प्लस गुपचूप घेतला आणि लॉगिन करताना लाल अक्षरात 'योग्य ईमेल भरा'. एका ठिकाणी अनसबस्क्राइब दाबलं तर लिंकमध्ये प्लसची झाली रिकामी जागा (लिंकमध्ये प्लसचा अर्थ तोच होतो म्हणे) आणि उत्तर आलं, हा पत्ता आमच्याकडे नाहीच. रोज मेल पाठवताना मात्र बरोब्बर सापडतो.

मग टिंबांवर आलो. जीमेल नावातली टिंबं मोजतच नाही, त्यामुळे सोसायटीला तिसऱ्या अक्षरानंतर टिंब, जिमला पाचव्यानंतर. कोणाला कुठे टिंब दिलंय त्याची वही केली, ती हरवली.

आणि एक दिवस चोर सापडला! कर्जतच्या एनए प्लॉटची जाहिरात, थेट 'प्लस चष्मा' वर. भाचा म्हणाला, "मामा, हा अगदीच कच्चा दिसतोय, हुशार असता तर प्लसपासून पुढचं उडवूनच पाठवलं असतं." प्रिंटआउट घेऊन दुकानात गेलो. मॅनेजरने शांतपणे वाचला, मग माझ्याकडेच संशयाने बघत म्हणाला, "काका, पण तुम्ही आमच्या धंद्याच्या नावाने ईमेल का काढला?"

मला काही सुचेना. "कंप्लेंट लिहून घेतो, मोबाईल नंबर सांगा," तो म्हणाला. मी सांगितला.

आता प्लॉटवाले मेल करत नाहीत, फोनच करतात.